अल्पवयीन गुन्हेगार आणि न संपणारी शिक्षा

(येवला येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत मुलांविषयी बोलायला मिळणं हा मी माझा मान समजतो. मात्र आजचा विषय जड आहे. या सभागृहात असंही कुणी बसलेलं असेल, ज्याच्या घरातलं माणूस कुणा कोवळ्या पोराच्या हातून गेलं. त्यांना समोर ठेवूनच मी बोलणार आहे.

प्रश्न असा आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने खून केला, बलात्कार केला, तर त्याला मरेपर्यंत तुरुंगात ठेवावं का? सुटकेची कुठलीही वाट न ठेवता? डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत सामूहिक बलात्काराची जी घटना घडली, त्यानंतर हा प्रश्न घराघरात विचारला गेला. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाने भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांना चिरडलं, तेव्हा तो पुन्हा विचारला गेला. माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. ते का, हे सांगायला आणि हे उत्तर देताना आपल्या गळ्यात कोणती जबाबदारी पडते, तेही सांगायला मी उभा आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आपल्याकडे पॅरोल म्हटलं की आई आजारी आहे, बहिणीचं लग्न आहे म्हणून कैद्याला मिळालेली काही दिवसांची रजा आठवते. तुरुंगाच्या कागदांत तिला अभिवचन रजा म्हणतात. अमेरिकेत पॅरोल म्हणजे शिक्षेचा मोठा भाग भोगल्यावर, कैद्याची वागणूक तपासून मंडळाने दिलेली सशर्त सुटका. ती कधीच मिळणार नाही अशी जन्मठेप तिथे चौदा वर्षांच्या मुलांनाही दिली गेली. आज आपण त्या शिक्षेबद्दल बोलतो आहोत.

कायदा खरंच मऊ आहे का?

‘अल्पवयीन आहे, तीन वर्षांत सुटेल’ हे वाक्य चहाच्या टपरीपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. २०१५ पर्यंत ते खरं होतं. दिल्लीच्या प्रकरणातला अल्पवयीन आरोपी तीन वर्षांनी, डिसेंबर २०१५ मध्ये सुटला. त्याच आठवड्यात राज्यसभेने नवा बाल न्याय कायदा मंजूर केला आणि १५ जानेवारी २०१६ पासून तो लागू झाला.

हा कायदा काय सांगतो? सोळा वर्षांखालच्या मुलाला, गुन्हा कोणताही असो, जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवता येतं. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर मात्र किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या अत्यंत गंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ त्याचं प्राथमिक मूल्यमापन करतं. मुलाची शारीरिक आणि मानसिक क्षमता काय, परिणाम कळण्याची कुवत किती, गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला, हे पाहतं. त्यानंतर प्रकरण बाल न्यायालयाकडे जाऊ शकतं आणि तिथे त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. जन्मठेपसुद्धा होऊ शकते. एकविसाव्या वर्षापर्यंत त्याला तुरुंगात न पाठवता वेगळ्या सुरक्षित ठिकाणी ठेवायचं. एकवीस पूर्ण झाल्यावर बाल न्यायालयाने पुन्हा पाहायचं: हा मुलगा बदलला आहे का? बदलला असेल तर अटी घालून, देखरेखीखाली सोडायचं. नसेल तर उरलेली शिक्षा भोगायला तुरुंगात पाठवायचं.

या सगळ्यावर याच कायद्याच्या कलम २१ ने एक मर्यादा घातली आहे. अठरा वर्षांखालच्या कुणालाही फाशी देता येणार नाही आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही देता येणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं ३७ वं कलम हेच सांगतं. भारताने तो करार ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारला.

प्रौढांच्या बाबतीत आपला कायदा उलट दिशेने गेला आहे. २००८ मध्ये श्रद्धानंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशीऐवजी सूट न मिळणारी, मरेपर्यंतची जन्मठेप देण्याची वाट खुली केली. २०१५ मध्ये घटनापीठाने ती कायम केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत काही गुन्ह्यांसाठी ‘नैसर्गिक आयुष्य संपेपर्यंत’ असे शब्दच आहेत. म्हणजे ही शिक्षा आपल्या घरात येऊन बसलेली आहे. मुलांपुरतं कलम २१ आडवं उभं आहे, आणि ते काढून टाका ही मागणी प्रत्येक भीषण घटनेनंतर होते. म्हणून ते का टिकलं पाहिजे, हे आपल्याला नीट माहीत हवं.

शिक्षा सुनावण्याच्या दिवशी काय माहीत नसतं

न्यायाधीश शिक्षा सुनावतात त्या दिवशी त्यांच्यासमोर तीन प्रश्न असतात. गुन्हा याच मुलाने केला का? तेव्हा त्याचं वय काय होतं? आणि पुढे हा कोण होणार आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आपल्याला पक्की ठाऊक आहेत असं आपण मानतो. आपल्याच जिल्ह्यातला एक खटला आणि पुण्यातला एक खटला पाहा.

५ जून २००३ च्या रात्री नाशिक जिल्ह्यात शेतातल्या एका झोपडीवर दरोडा पडला. पाच माणसं मारली गेली, बायकामुलींवर अत्याचार झाले. ऐकताना आजही अंगावर काटा येतो. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडण्यात आलं. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. त्यांच्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे त्यानंतर काही वर्षांनी स्पष्ट झालं. त्याचं नाव मी घेणार नाही. अल्पवयीनाची ओळख उघड करायची नाही असं बाल न्याय कायदा सांगतो, आणि तो आपण सगळ्यांनी पाळायचा आहे.

पुढे ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार महिलेने घटनेनंतर लगेचच पोलिसांकडच्या छायाचित्रांतून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. सोळा वर्षं ही सहा माणसं तुरुंगात होती. प्रत्येकाला पाच लाख रुपये द्या, असा आदेश न्यायालयाने राज्य सरकारला दिला. त्या उद्ध्वस्त कुटुंबाला काय मिळालं? ज्यांनी हे केलं ते कोण, हे त्यांना आजही कुणी सांगितलेलं नाही.

हे सहा जण भटक्या जमातीतले होते, हा तपशील मी मुद्दाम सांगितला. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून कितीतरी जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण संशयाची सवय गेली नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच येवल्यात, जन्माने जे लादलं गेलं ते मरेपर्यंत वाहणार नाही, अशी घोषणा केली. ज्या गावात ते शब्द उच्चारले गेले, त्या गावाने तरी पालावरचा पोरगा आणि बंगल्यातला पोरगा कायद्यासमोर एकाच वजनाने तोलला जातो की नाही, हे विचारत राहिलं पाहिजे.

आता पुण्याचा खटला. २६ ऑगस्ट १९९४ रोजी पौड रस्त्यावरच्या एका घरात पाच महिला आणि दोन मुलांची हत्या झाली. महिलांपैकी एक गरोदर होती. महाराष्ट्र हादरला. राजस्थानातून आलेल्या एका आरोपीला १९९८ मध्ये फाशी सुनावली गेली, २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. खटल्याच्या कागदांत तो विशीतला तरुण होता. गावातल्या शाळेच्या नोंदवहीत त्याची जन्मतारीख दुसरीच होती. ती नोंद न्यायालयापुढे पोचायला, तिची चौकशी व्हायला आणि निकाल लागायला २७ मार्च २०२३ उजाडलं. सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की गुन्ह्याच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता. तोपर्यंत अठ्ठावीस वर्षं उलटून गेली होती, आणि त्यांतली बहुतेक फाशीच्या छायेत. त्या काळात त्याने समाजशास्त्रात एम. ए. केलं. डेहराडूनच्या १९९४ च्या एका खटल्यातही, गुन्ह्याच्या वेळी चौदा वर्षांचा असलेला माणूस जवळजवळ पंचवीस वर्षं तुरुंगात काढून, जानेवारी २०२५ मध्ये सुटला.

वय ही आपल्याकडे किती ठिसूळ गोष्ट आहे, हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको. तुमच्या जनरल रजिस्टरमधल्या १ जून या जन्मतारखा मोजा. आईला पावसाळा आठवतो, दिवस आठवत नाही. शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून गुरुजी १ जून लिहितात. पुढे तोच दाखला न्यायालयात वयाचा पहिला पुरावा ठरतो. ज्याच्याकडे दाखला नाही, ज्याने दुसरीतच शाळा सोडली, त्याच्या हाडांची तपासणी होते आणि तिच्यात एक-दोन वर्षांचा फरक सहज पडतो. सतरा की एकोणीस, यावर एका माणसाचं सगळं आयुष्य ठरतं.

हे खटले फाशीचे होते, न संपणाऱ्या जन्मठेपेचे नव्हते, हे मला ठाऊक आहे. पण चूक सुधारण्याचं काम दोन्ही ठिकाणी एकाच गोष्टीने होतं: ते प्रकरण पुन्हा कुणीतरी उघडून पाहणं. फाशीच्या प्रकरणात निदान वकील, दयेचा अर्ज, पुनर्विचार याचिका अशी धावपळ चालू असते. मरेपर्यंतच्या कैदेत अडकलेल्या माणसाची फाइल कोण उघडणार?

तिसरा प्रश्न

आता तिसरा प्रश्न, पुढे हा कोण होणार? गुन्हा नक्की त्यानेच केला, वयही नक्की ठाऊक आहे, असं धरून चालू.

फेब्रुवारी १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराजवळ दहा वर्षांच्या दोन मुलांनी दोन वर्षांच्या बाळाला उचलून नेलं आणि हालहाल करून मारलं. सारा देश हळहळला आणि संतापला. त्या मुलांना कायमचं डांबा, म्हणून लाखो लोकांनी मागणी केली. २००१ मध्ये दोघांना नवी ओळख देऊन, अटींवर सोडण्यात आलं. त्यातला एक पुन्हा कधी गुन्ह्यात सापडला नाही. दुसरा २०१० मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये लहान मुलांच्या अश्लील चित्रांच्या गुन्ह्यात शिक्षा होऊन तुरुंगात गेला. २०२३ मध्ये त्याची सुटका मंडळाने नाकारली.

हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे की विरोधातलं, असं कुणी विचारेल. मला त्यात दोन गोष्टी दिसतात. एकच गुन्हा, एकच वय, एकच शिक्षा, आणि दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९९३ च्या न्यायालयात बसून कोणती वाट कुणाची, हे कुणालाही सांगता आलं नसतं. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. सुटकेची शक्यता ठेवणं म्हणजे सुटका करणं नव्हे. जो धोकादायक राहिला, त्याला मंडळाने आत ठेवलं. पुन्हा तपासण्याची सोय होती, म्हणून एकाला बाहेर राहता आलं आणि समाजाचं दुसऱ्यापासून रक्षणही झालं.

अमेरिकेला हे कळायला वेळ लागला. २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीनांची फाशी बंद केली. २०१० मध्ये, खून नसलेल्या गुन्ह्यांत मुलांना सुटकेविना जन्मठेप देता येणार नाही असं ठरवलं. २०१२ मध्ये खुनाच्या गुन्ह्यांतही ती शिक्षा सरसकट, आपोआप देणं घटनाबाह्य ठरलं आणि २०१६ मध्ये तो निर्णय जुन्या कैद्यांनाही लागू झाला. लुईझियानातला एक जण १९६३ मध्ये, सतराव्या वर्षी, एका पोलीस अधिकाऱ्याच्या खुनासाठी आत गेला होता. ज्या खटल्याने इतरांना दिलासा मिळाला तो त्याचाच होता. तो स्वतः मात्र नोव्हेंबर २०२१ मध्ये बाहेर आला, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी. त्या पंचाहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यापासून समाजाला कोणता धोका होता? आणि तो जर चाळिशीतच सुधारला असेल, तर मधल्या पस्तीस वर्षांचा हिशेब कुणी द्यायचा?

या निर्णयांमागचं कारण कुठल्याही आईबापाला पटेल असं आहे. सोळा-सतराच्या वयात उतावीळपणा जास्त असतो, मित्रांसमोर कमी पडायचं नसतं, उद्याचं दिसत नाही आणि राहतं घर, मोहल्ला, संगत बदलणं मुलाच्या हातात नसतं. मेंदूचा आवर घालणारा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. याच वयात माणूस सगळ्यात जास्त बदलतो. म्हणून त्याची जबाबदारी कमी धरायची, शून्य नाही. शिक्षा व्हावी, कडक व्हावी. फक्त तिच्यात पुन्हा पाहण्याची जागा असावी.

हा विचार परक्यांकडून आलेला नाही, असंही सांगतो. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ सालची. मुंबई प्रांताचा मुलांचा कायदा १९२४ चा, तरुण गुन्हेगारांसाठीच्या बोर्स्टल शाळांचा १९२९ चा. त्या परंपरेतलं किशोर सुधारालय आपल्या नाशिकमध्ये आहे. १८८२ मध्ये टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या ज्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले, तिथे पुढे मुलांचं निरीक्षणगृह झालं. मुलाला मोठ्या कैद्यांच्या बराकीत ढकलायचं नाही, हे महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वीच ठरवलेलं आहे.

कॉरिडॉरमधले दोन बाप

मी वकील आहे आणि बाल न्याय मंडळापुढे काम केलेलं आहे. एक प्रसंग सांगतो. ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही.

भांडणात मित्राला चाकू मारून जीव घेतलेला सतरा वर्षांचा मुलगा मंडळापुढे बसला होता. शाळेचीच पँट, पायात स्लिपर. त्याच्या आईने प्लॅस्टिकच्या पिशवीतून रेशनकार्ड, आधारकार्ड आणि घड्या पडून फाटत आलेला शाळेचा दाखला काढून माझ्यापुढे धरला. सगळं संपल्यावर मुलाने मला एकच विचारलं, “साहेब, बारावीचा फॉर्म भरायची तारीख गेली का?” आपण काय करून बसलो आहोत, हे त्याला त्या दिवशी कळलेलंच नव्हतं. ते कळायला त्याला कितीतरी महिने लागले. कळलं तेव्हा त्याने आठ दिवस नीट जेवण घेतलं नाही.

बाहेर बाकावर दोन बाप बसले होते. एक त्याचा. दुसरा मेलेल्या मुलाचा. तो दुसरा बाप प्रत्येक तारखेला यायचा आणि आत काय झालं हे शिपायाला विचारायचा. मंडळाचं काम बंद दाराआड चालतं, म्हणून त्याला आत घेत नव्हते. बाहेर येऊन त्याला दोन शब्दांत सांगावं, असंही कुणाला वाटत नव्हतं. मुलांवर दया करणाऱ्या आपल्यासारख्यांनी या बापाकडे पाहिलं नाही, तर ‘मरेपर्यंत डांबा’ म्हणणाऱ्यांना आपण काय उत्तर देणार? बदला मागणारा माणूस पुष्कळदा एवढंच मागत असतो की त्याचं नुकसान कुणीतरी मोजावं.

पुण्याच्या मोटारीच्या प्रकरणात लोक कशाने पेटले? काही तासांत जामीन आणि अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध. जून २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने, आरोपी कुणीही असो, त्याला मूल म्हणूनच वागवा, असं सांगून निरीक्षणगृहातून त्याची सुटका केली आणि जुलै २०२५ मध्ये मंडळाने त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची मागणी फेटाळली. मला हे दोन्ही निर्णय कायद्याला धरून वाटतात. पण लोकांचा राग मी समजू शकतो. श्रीमंताचं पोर मूल आहे हे काही तासांत कळतं आणि राजस्थानातून पोट भरायला आलेला पोरगा मूल होता हे कळायला अठ्ठावीस वर्षं लागतात. हा राग कायदा मऊ असल्याचा नाही, तो सगळ्यांना सारखा मिळत नसल्याचा आहे. कलम २१ रद्द केलं, तर त्याची झळ कुणाला बसेल? ज्याच्याकडे वकील नाही, दाखला नाही, त्यालाच.

मग करायचं काय

कायद्याने दार उघडं ठेवलं, एवढ्याने आपलं काम संपत नाही. सोळा ते एकवीस ही पाच वर्षं त्या मुलाने कशी घालवली, यावर एकविसाव्या वर्षीचा निर्णय अवलंबून असतो. दरवर्षी त्याच्या प्रगतीचा अहवाल बाल न्यायालयाकडे जावा असं कायद्यात आहे. तो अहवाल चार ओळींचा छापील मजकूर असेल, तर न्यायाधीशाने कशाच्या आधारावर ठरवायचं? तिथे शिकवणारा शिक्षक हवा, हाताला काम शिकवणारा माणूस हवा, समुपदेशक हवा. नाहीतर मुलगा आत गेला तसाच किंवा त्याहून वाईट होऊन बाहेर येईल, आणि पुढचा गुन्हा झाला की लोक म्हणतील, बघा, म्हटलं नव्हतं का.

मी चार गोष्टी मागतो. पहिली, अटकेच्या पहिल्याच दिवशी वयाची तपासणी, आणि शाळेच्या दाखल्यासाठी गरीब आईला वणवण करायला लागू नये. येवल्यातल्या मुख्याध्यापकांनी ठरवलं तर तो दाखला एका दिवसात मिळू शकतो. दुसरी, मंडळापुढे आलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्या तारखेपासून चांगला वकील. तिसरी, ज्यांचं माणूस गेलं त्यांना प्रत्येक टप्प्याची माहिती आणि एकविसाव्या वर्षीच्या फेरतपासणीत आपलं म्हणणं मांडण्याची संधी. सुटका होणार असेल तर ती त्यांना वर्तमानपत्रातून कळता कामा नये. चौथी, निरीक्षणगृहं आणि सुधारगृहं बंद भिंतींआड विसरली जाऊ नयेत. तपासणी समित्यांची तरतूद कायद्यात आहेच. त्यांत बसायला आणि तिथे नियमित जायला आपल्यातले निवृत्त शिक्षक, डॉक्टर, वकील पुढे आले पाहिजेत.

खून करणाऱ्या मुलाला शिक्षा झालीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण सोळाव्या वर्षी केलेल्या कृत्यासाठी तो साठाव्या वर्षी काय असेल, हे आजच ठरवून टाकण्याचा अधिकार मी कुठल्याही न्यायालयाला देणार नाही, आणि तो संतापलेल्या जमावालाही देणार नाही. कलम २१ आपल्यावर एक काम सोपवतं: या मुलाकडे पुन्हा पाहा, आणि पाहताना ज्याचं लेकरू गेलं त्यालाही शेजारी बसवा. हे काम अवघड आहे, खर्चाचं आहे, मतं मिळवून देणारं नाही. ते टाळायचं म्हणून मुलाला कायमचं डांबणं हा न्याय नाही. आपल्या तालुक्यातलं पुढचं असं प्रकरण उभं राहील तेव्हा घोषणा देण्याआधी त्या दोन्ही घरांत जा, आणि या चार मागण्यांपैकी कोणती पुरी झाली आणि कोणती नाही, हे विचारा.